मत वाया घालवण्याचा इतिहास

सुरुवात कबुलीजबाबापासून करतो. २१ फेब्रुवारी २०१७, मंगळवार. पुणे आणि नाशिक, दोन्हीकडे महापालिकेचं मतदान. त्यामुळे आम्हा पुण्यातल्या आयटीवाल्यांना आठवड्याच्या मध्येच सुट्टी. माझं नाव नाशिकच्या यादीत, पंचवटीत. आणि मी कुठे? ट्रेकच्या ग्रुपबरोबर एका किल्ल्यावर. बरं, नुसता हिंडायला नव्हतो गेलो, 'स्वच्छता मोहीम' होती. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या असा सगळा ऐवज दोन पोती भरून आम्ही खाली आणला, पोत्यांबरोबर फोटो काढला आणि पर्यावरणासाठी काहीतरी केल्याच्या समाधानात पिठलं-भाकरी हाणली. रात्री आईचा फोन.

"मत द्यायला आला नाहीस."

"अगं, सगळे सारखेच. दिलं असतं तरी कुणाला?"

"ते इथे येऊन ठरवायचं असतं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

विषय तिथेच संपला होता. पण २०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनातल्या झाडांचं प्रकरण पेटलं. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून तिथली सुमारे अठराशे झाडं काढायचा महापालिकेचा प्रस्ताव आला, आणि आमचा तोच ट्रेकचा ग्रुप एकदम जागा झाला. सह्या, फोटो, संताप. जानेवारीत महापालिकेची निवडणूक लागल्यावर मात्र ग्रुपचे दोन तुकडे पडले. एक म्हणे बहिष्कार टाका. दुसरा म्हणे नोटा दाबा. 'ज्याला झाडांची चाड आहे त्याने यातल्या कुणालाही मत देणं म्हणजे तोडीवर सही करणं,' असं एकाने लिहिलं आणि त्यावर वीस अंगठे आले. (त्यातला एक माझा.)

मग मलाच जरा कसंसं झालं. म्हटलं, आधी डेटा बघू. दोन वीकएंड जुनी कात्रणं आणि रिपोर्ट चाळत बसलो. प्रश्न साधा होता. आपल्या महाराष्ट्रात लोकांनी कधी झाडासाठी, नदीसाठी, जमिनीसाठी मत दिलंय का? आणि दिलं असेल तर पुढे झालं काय?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अर्थातच एन्रॉन. नाव दाभोळचं, पण प्रकल्प खाडीच्या दुसऱ्या बाजूला, गुहागर तालुक्यातल्या वेलदूर-अंजनवेल भागात. करार डिसेंबर १९९३ चा. कोळ्यांना काळजी खाडीत सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची, बागायतदारांना आंब्याची, आणि उरलेल्या महाराष्ट्राला विजेच्या दराची. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत युतीने हा मुद्दा उचलला. गोपीनाथ मुंडे सभासभांमधून एन्रॉन समुद्रात बुडवायची भाषा करत होते. लोकांनी मतं दिली, मार्चमध्ये सरकार बदललं, मुंड्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली आणि ३ ऑगस्ट १९९५ ला मुख्यमंत्री मनोहर जोशींनी करार रद्द केल्याचं जाहीर केलं. इथे पिक्चर संपला असता तर किती छान! पण पाच-सहा महिन्यांतच फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये तोच प्रकल्प परत आला. तोही आधीपेक्षा थोडा मोठा होऊन, २१८४ मेगावॅटचा. ज्यांनी विरोधासाठी मत दिलं होतं त्यांच्यावरच पुढे लाठ्या चालल्या, कितीतरी जण तुरुंगात गेले. १९९९ ला वीज सुरू झाली, २००१ मध्ये वीज मंडळाला बिल झेपेना म्हणून बंद पडली, आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणजे एन्रॉन बुडालं खरं. बुडवलं मात्र मतदारांनीही नाही आणि मुंड्यांनीही नाही.

हे वाचून माझा नोटावाला मित्र जिंकला असंच वाटलं मला. पण पुढचं प्रकरण काढलं आणि जरा गडबड झाली.

२००८ साली रायगडात चक्क सार्वमत झालं होतं. हे मला तेव्हा कळलंही नव्हतं, आणि मी तेव्हा चांगला कमावता होतो, रोज पेपर वाचत होतो! पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांना सरकारने २१ सप्टेंबर २००८ रोजी विचारलं की रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी तुमची जमीन द्यायची की नाही? हे ग्रामसभेत हात वर करणं नव्हतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, रीतसर मतदान. मतदारांनी प्रचंड बहुमताने 'नाही' सांगितलं. त्यानंतर सरकारने काय करावं? निकाल जाहीरच करायचा नाही! आकडे जणू फायलीत झोपले. पण गंमत अशी, की भूसंपादनाच्या कायद्याला घड्याळ असतं. ठरलेल्या मुदतीत निवाडा झाला नाही तर संपादन आपोआप रद्द होतं. आंदोलन, सार्वमत, कोर्ट यांत ती मुदत निघून गेली आणि संपादन बारगळलं. म्हणजे पेणच्या शेतकऱ्यांचं मत कुणी मोजून दाखवलं नाही, तरी ते कामी आलं. त्याने वेळ खाल्ला.

हे 'वेळ खाणं' एकदा लक्षात आल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं.

नाणार घ्या. राजापूर तालुक्यातली रिफायनरी. शिवसेना २०१४ पासून भाजपबरोबर सत्तेत, आणि त्याच वेळी रस्त्यावर रिफायनरीच्या विरोधात. याला दुटप्पीपणा म्हणा हवं तर. पण २०१९ ची लोकसभा तोंडावर आली, फेब्रुवारीत युती झाली, त्यात नाणार हा सौद्याचा भाग होता आणि मार्चच्या सुरुवातीला भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. नाणारची आंब्याची कलमं वाचली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना त्यांनीच पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातलं बारसू सुचवलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायका रखरखत्या उन्हात आडव्या झोपल्या होत्या आणि समोर पोलीस. नाणारच्या मतदाराला विचारा, मत वाया गेलं का? तो नाही म्हणेल. बारसूच्या मतदाराला विचारा. तो तुम्हाला चहा न देता परत पाठवेल.

आरे तर ताजंच आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी. विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांनी. सत्तांतर झालं, २८ नोव्हेंबरला नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी आणि २९ ला कारशेडच्या कामाला स्थगिती. ती टिकली २०२२ च्या जूनअखेरपर्यंत. सरकार बदललं, स्थगिती गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो धावायला लागली. मी स्वतः त्या मेट्रोतून गेलोय, एसी मस्त आहे. मनात जे व्हायचं ते झालंच.

आमच्या धंद्यात एक प्रकार असतो. रात्री तीनला सर्व्हर पडला की पहिलं काम काय? रीस्टार्ट. सगळ्यांना माहीत असतं की रीस्टार्टने बग जात नाही, तासाभरात परत पडणार. पण त्या तासाभरात कुणीतरी लॉग उघडून खरं दुखणं शोधू शकतो. रीस्टार्ट न करता 'आधी मुळातून सुधारा' म्हणत बसलं तर ग्राहक पळून जातो, आणि रीस्टार्ट करून झोपायला गेलं तर चारला परत फोन येतो. १९९५ ला महाराष्ट्र रीस्टार्ट करून झोपायला गेला होता. पेणवाले झोपले नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग एक हिरवा पक्षच का नाही काढत? मलाही हेच वाटायचं, जर्मनीची उदाहरणं वाचून. १९८३ मध्ये तिथल्या हिरव्या पक्षाला ५.६ टक्के मतं पडली आणि संसदेत दोन डझनांहून जास्त जागा मिळाल्या. पण तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. ब्रिटनमध्ये १९८९ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीत तिथल्या ग्रीन पार्टीला तब्बल १५ टक्के मतं मिळाली, वीस लाखांहून जास्त माणसं. जागा? शून्य. कारण तेव्हा पद्धत आपल्यासारखी होती, ज्याला सगळ्यांत जास्त तो आला. आणि २००० सालची अमेरिका तर विचारूच नका. फ्लोरिडात ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरना ९७ हजारांवर मतं पडली, बुश जिंकले ५३७ मतांनी, आणि हरले ते अल गोर. पुढे हवामानबदलावर जगभर बोलत फिरणारे तेच ते!

एक उदाहरण मात्र मला जाम आवडलं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात १९८१ साली फ्रँकलिन नदीच्या खोऱ्यातल्या धरणावर सार्वमत घेतलं. पर्याय दोनच, धरण इथे बांधू की तिथे बांधू! 'बांधूच नका' हा पर्यायच नव्हता. तर सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने लिहिलं, 'धरण नको.' मतं बाद झाली, पण संदेश पोचला. त्यानंतर ही मंडळी घरी बसली नाहीत. १९८३ च्या देशाच्या निवडणुकीत धरण थांबवण्याचं वचन देणाऱ्या पक्षामागे उभी राहिली. तो पक्ष जिंकला, प्रकरण कोर्टात गेलं आणि धरण थांबलं. आमच्या नोटावाल्यांनी हे जरूर वाचावं. ईव्हीएमवर काही लिहायला जागा नसते. नोटाचं बटण दाबणारा झाडांसाठी चिडलाय, की पाण्यासाठी, की उमेदवाराच्या मेव्हण्यावर, हे कुणाला कळणार? एक गोष्ट नोटाच्या बाजूने सांगतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढलाय की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे महापालिकेतला नोटा विधानसभेतल्या नोटापेक्षा जरा दात असलेला आहे. पण तेवढ्यासाठी अख्खा प्रभाग एका बटणावर आणायला हवा. जो गट एवढं करू शकतो, तो सरळ उमेदवार का नाही निवडून आणणार?

आता नाशिककडे वळतो. खरं तर लिहायचं होतं ते यावरच.

२०१२ हे वर्ष नाशिकच्या दृष्टीने मोठं विचित्र. फेब्रुवारीत महापालिका निवडणूक झाली आणि १२२ पैकी ४० जागा जिंकून मनसे सगळ्यांत मोठा पक्ष ठरला, महापौर त्यांचा झाला. २००९ मध्येच शहरातल्या तीन आमदारक्या त्यांनी घेतलेल्या. राज ठाकरेंचा नाशिकवर जुना जीव. गोदाकाठी बाग फुलवायची, गोदापार्क करायचा, हे त्यांचं शिवसेनेत असल्यापासूनचं स्वप्न. नाशिककरांनी ते स्वप्न विकत घेतलं असं म्हणायला हरकत नाही. नदी, बाग, उद्यान यावर इतक्या उघडपणे मत मागितलेली आणि मिळालेली मला तरी दुसरी महापालिका माहीत नाही.

आणि त्याच २०१२ मध्ये गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाचे कार्यकर्ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. मागणी साधी, आमची नदी गटार झालीय, ती थांबवा. कोर्टाने प्रकरण धसाला लावलं, नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडून शिफारशी मागवल्या, वर्षानुवर्षं आदेश दिले. नदीत कपडे-गाड्या धुऊ नका, सांडपाणी सोडू नका, मलनिस्सारण केंद्रांची क्षमता आणि दर्जा वाढवा, वगैरे. पुढे रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाचं काँक्रीट काढा म्हणजे झरे मोकळे होतील, ही मागणीसुद्धा कोर्टातूनच पुढे सरकली.

म्हणजे एकाच वर्षी एकाच गावाने एकाच नदीसाठी दोन अर्ज केले, एक मतपेटीत आणि एक कोर्टात. फळ कुठल्या अर्जाला जास्त आलं?

मतपेटीच्या बाजूने बोलायचं तर मनसेने काहीच केलं नाही हे खोटं आहे. टाटा ट्रस्टच्या मदतीने पांडवलेण्याच्या पायथ्याशी वनोद्यान झालं, रिलायन्स फाउंडेशनकडून गोदापार्कचा एक तुकडा झाला. उद्यान खरंच देखणं होतं, पाहुणे आले की आम्ही तिथे न्यायचो. पण २ ऑगस्ट २०१६ ला गोदेला पूर आला आणि गोदापार्कची दैना करून गेला. नदीने आपली जागा मागितली, एवढंच. पूररेषेत शोभेची कामं करणं हे चुकीच्या सर्व्हरवर डेटा ठेवण्यासारखं आहे. आणि बागेकडे बघताना बाजूला वाघाडी आणि नासर्डी नाल्यांतून काय वाहतंय हे कुणी विचारत नव्हतं. बाग दिसते, ड्रेनेजची लाईन दिसत नाही. नदीला मात्र बागेपेक्षा लाईनची गरज होती.

२०१७ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. मनसे ४० वरून ५. तोवर बरेचसे नगरसेवक पक्ष सोडून गेलेच होते. भाजप ६६, स्पष्ट बहुमत. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी प्रचारात नाशिक दत्तक घेतो म्हटलं होतं आणि लोकांना ते पटलं. तेव्हापासून प्रत्येक पक्षाने एक धडा पाठ केला की नाशिकमध्ये बागा करून मतं मिळत नाहीत. हा धडा अर्धवट आहे असं माझं मत. पण तो धडा घट्ट बसायला माझाही हातभार लागला. नदीवर बोलणारे माझ्यासारखे किती जण त्या मंगळवारी किल्ल्यांवर बाटल्या गोळा करत होते कुणास ठाऊक!

आणखी एक टोचणी आहे, २०१४ ची. विजय पांढरे आठवतात? नाशिकच्या 'मेटा' या अभियंत्यांच्या प्रशिक्षण संस्थेतले मुख्य अभियंता. २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांतल्या फुगवलेल्या खर्चाबद्दल आणि निकृष्ट कामांबद्दल त्यांनी सरकारला पत्रं लिहिली आणि त्या गदारोळात सप्टेंबरमध्ये अजित पवारांना उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. (डिसेंबरमध्ये ते परत आले, तो भाग वेगळा.) नोकरीत असताना असं पत्र लिहिणारा इंजिनियर म्हणजे आमच्यासाठी हिरो. हेच पांढरे २०१४ मध्ये आम आदमी पक्षाकडून नाशिक लोकसभेला उभे राहिले. धरणं, कालवे, पाणी कुठे मुरतं, हे सगळं पाठ असलेला माणूस थेट मतपत्रिकेवर! २४ एप्रिलला मी मुद्दाम पुण्याहून आलो, रांगेत उभा राहिलो, आणि आत गेल्यावर 'ते काही निवडून येत नाहीत, मत वाया कशाला घालवा' असं म्हणून दुसरंच बटण दाबलं. पांढऱ्यांचं डिपॉझिट गेलं. त्याच दिवशी मुंबईत मेधा पाटकरांना ईशान्य मुंबईत पाऊण लाखाच्या आसपास मतं मिळाली, जिंकणाऱ्याला सव्वापाच लाख. माझ्या एका मताने पांढरे जिंकले नसते, ते कळतं. पण डिपॉझिट वाचवण्याइतकी मतं पडली असती तर पुढच्या प्रत्येक उमेदवाराला पाण्यावर दोन वाक्यं तरी पाठ करावी लागली असती. नेडरच्या उलटं गणित आहे हे. तिथे ५३७ चा फरक होता, इथे मोदी लाटेत जिंकणारा लाख-दीड लाखांनी पुढे जाणार हे शेंबड्या पोराला कळत होतं. निकाल आधीच ठरलेला असताना मनातल्या उमेदवाराला मत देण्यात काडीची जोखीम नसते. मी नेमकं तिथेच शहाणपण केलं.

असो. येतो तपोवनावर.

मार्च २०२२ ला नाशिक महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट अशा चक्रात निवडणूक लांबत गेली आणि जवळजवळ चार वर्षं शहराला एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक. (नाशिकला याची सवय आहे म्हणा. १९८२ ला महापालिका झाली, पहिली निवडणूक १९९२ ला!) आता झाडांचा कायदा बघा. १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा म्हणतो की तोडीची परवानगी द्यायची ती वृक्ष प्राधिकरणाने. अध्यक्ष आयुक्त, आणि सदस्य म्हणून नगरसेवकांमधून निवडलेले ५ ते १५ जण. बाहेरचे जाणकारही घेता येतात. सभागृहच नसेल तर हे सदस्य आणायचे कुठून? म्हणजे ज्या नोव्हेंबरात अठराशे झाडांचा प्रश्न आला तेव्हा प्रस्ताव मांडणारं, हरकती ऐकणारं आणि निर्णय देणारं प्रशासन एकच. कोड लिहिणारा, टेस्ट करणारा आणि रिलीजला सही करणारा एकच माणूस असला की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

हे कळलं तेव्हा मी खरोखर खुर्चीत सरळ बसलो. इतकी वर्षं मी आमदार-खासदारांच्या पर्यावरणावर वाद घालत होतो. आणि माझ्या गल्लीतल्या चिंचेचा कायदेशीर मालकच म्हणावा असा जो माणूस, तो नगरसेवक! ज्याच्या निवडणुकीला मी किल्ल्यावर जातो.

तपोवनाच्या बाबतीत लोक उठले म्हणून प्रकरण थांबलं. हजारो नाशिककर, सयाजी शिंदे, शाळकरी पोरं, वारकरीसुद्धा. प्रशासनाचं म्हणणं होतं की जुने वृक्ष ठेवू आणि बदल्यात कितीतरी पट लावू. आंध्रातल्या राजमहेंद्रीहून मोठी रोपं आणून लावणंही सुरू झालं. (राजमहेंद्रीही गोदेकाठचीच, म्हणजे आमच्या नदीच्या शेपटाकडून झाडं आणून डोक्याला लावायची.) डिसेंबरात हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली. आणि निवडणूक समोर असल्यामुळे जवळपास सगळ्या विरोधी पक्षांना, आणि सत्तेतल्याही काहींना, अचानक झाडं आवडायला लागली. माझा बहिष्कारवाला मित्र याला नाटक म्हणतो. असेल नाटक. पण नाटक का करावं लागलं? कुणीतरी मत देणार होतं म्हणूनच ना!

तर १४ जानेवारीला संक्रांतीच्या संध्याकाळी घरी पोचलो. आईने तिळाची वडी हातावर ठेवली आणि प्रभागातल्या उमेदवारांची पत्रकं टेबलावर पसरली. चार जणांचा प्रभाग, म्हणजे चार मतं. पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी अशा चार रंगांच्या पट्ट्या आणि प्रत्येकीवर एक बटण. सगळे पक्ष सांगत असतात, चारही आमचीच दाबा, पॅनेल टू पॅनेल. कायद्यात तसं काही नाही. चार मतं चार ठिकाणी टाकता येतात, आणि याचा फायदा माझ्यासारख्याने नाही घ्यायचा तर कुणी?

मी आधीच्या रविवारी काही उमेदवारांना गाठून दोनच प्रश्न विचारले होते. वाघाडीत येणाऱ्या सांडपाण्याच्या जोडण्या कुठे आहेत? आणि निवडून आलात तर वृक्ष प्राधिकरणावर जाल का? एक जण म्हणाले, "झाडं ना? आम्ही दर पावसाळ्यात वृक्षारोपण करतो, फोटो बघा." एकाला प्राधिकरण म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, पण त्याने प्रामाणिकपणे वहीत लिहून घेतलं. एका ताईंनी मला थांबवून उलट शिकवलं की आमच्या भागात नाल्याला नेमक्या कुठे कुठे चोरून लाईन जोडल्यात. त्या ज्या पक्षाच्या आहेत त्या पक्षाला मी आयुष्यात मत दिलेलं नाही.

"तिला दे," आई म्हणाली. "नाला तुंबला होता तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती. तू नव्हतास."

सकाळी साडेसातला गेलो. तीन मतं तीन वेगळ्या पक्षांना आणि एक अपक्षाला दिलं. कुणाला कुठलं ते सांगत नाही. आईने किती फोडली ते तिने मलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल. १२२ पैकी ७२ जागा घेऊन भाजपला स्पष्ट बहुमत, झाडांवरून सगळ्यांत जास्त आवाज करणाऱ्या ठाकरे बंधूंची युती वीसच्या आत. ग्रुपवर लगेच मेसेज आला, 'बघितलंस? नाशिकला झाडं नकोत.' मला तसं वाटत नाही. १२२ नगरसेवकांच्या निवडणुकीत पाणी, रस्ते, जात, पैसा, केंद्र-राज्य असं पन्नास गोष्टींचं मिश्रण असतं, त्यातून झाडांचा निकाल वेगळा गाळून काढता येत नाही. माझ्या चारांपैकी दोन आले, दोन पडले. त्या ताई आल्या. आता त्या सत्तेत आहेत की विरोधात, हे सांगितलं तर तुम्ही ओळखाल.

रविवारी पुण्याला निघण्याआधी आईला घेऊन तपोवनात गेलो. लहानपणी कपिला संगमावर सायकल लावून आम्ही या झाडांखाली विटी-दांडू खेळायचो. आई एका कडुनिंबाखाली बसली, पदराने घाम पुसला. मी तिला प्राधिकरणाचा कायदा, ५ ते १५ सदस्य, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मग ती यादी कधी लागणार?"

"लागेल. महासभा झाली की."

"लागली की नावं वाचून दाखव मला. फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नकोस, अक्षरं दिसत नाहीत. आणि त्या ताईचं नाव नसलं तर तिच्याकडे मी जाईन, तू नको. तुला सुट्टी नसते."